दहा वजा

खोत सरांच्या टेपला तोंड नव्हतं. कापडी, तीस मीटरची, चामड्याच्या गोल डबीत गुंडाळलेली ती टेप कधीतरी सुरुवातीलाच फाटली होती आणि पहिले दहा सेंटिमीटर कायमचे गेले होते. म्हणजे तिच्यावरचा पहिला आकडाच दहा. नगर नियोजनाच्या पदव्युत्तर वर्गाच्या पहिल्या दिवशी सरांनी ती आमच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "ज़रा ये मेज़ नाप दीजिए."

आम्ही सहा जण होतो. उपग्रहाच्या चित्रावरून अख्ख्या वस्तीचं क्षेत्रफळ काढू शकणारे, लॅपटॉपला चिकटलेले, आत्मविश्वासाने फुगलेले. पाळीपाळीने सगळ्यांनी टेबल मोजलं. सगळ्यांचं उत्तर एकच, दोन मीटर पन्नास. सर टेबलाखाली वाकले, चारही पाय बघून आले आणि काळजीच्या सुरात म्हणाले, "कल तक तो दो चालीस की थी. बढ़ गई क्या?"

टेपचं तोंड कुणी बघितलंच नव्हतं.

"दस घटाइए," सर म्हणाले. "हर बार."

लखनौच्या त्या कॉलेजातली माझी दोन वर्षं मी आजही त्या दोन शब्दांवर तोलते. माझ्याशी मराठीत बोलताना सर त्याचं 'दहा वजा' करत. ते फक्त टेपपुरतं नव्हतं. कुणी म्हणालं, "सर, ही वस्ती पूर्णपणे अनियोजित आहे," की सर म्हणायचे, दहा वजा. कुणी आपल्या आराखड्याने शहर बदलणार असं सांगितलं की दहा वजा. माझ्या बाबतीत तर त्यांना कधी कधी वीस वजा करावे लागत.

त्याला कारण होतं. माझे बाबा अकोल्याचे, नोकरी बँकेत, जीव मात्र युनियनमध्ये. आमच्या घरी मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. किराण्याची यादी पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर, वहीला कव्हर पत्रकाचं, आणि झोपताना गोष्ट मागितली तर बाबा संपाची गोष्ट सांगत. त्यामुळे माझं साधं वाक्यसुद्धा मूठ वळूनच बाहेर पडायचं. नगर नियोजन शिकायला मी आले तीच मुळी शहरावर हक्क सांगायला. नकाशे ही सत्तेची हत्यारं आहेत हे मला पक्कं ठाऊक होतं. ती माझ्याही हातात येऊ शकतात हे मात्र ठाऊक नव्हतं.

हजेरीत माझं आडनाव आलं तेव्हा सरांनी मान वर केली. "कुठली गं तू?"

"बाबा अकोल्याचे, सर. मी इथलीच."

"मराठी बोलता येतंय का नुसतं समजतंय?"

"आता है सर," मी म्हणाले.

सर इतके हसले की डोळे पुसावे लागले. "झालं! लखनौनं गिळली पोरगी."

स्वतः ते कागल तालुक्यातले. वडील फौजेत सुभेदार होते, शेवटची नेमणूक लखनौ छावणीत झाली आणि कुटुंब इथेच राहिलं. सरांनी नगररचना खात्यात सगळी नोकरी केली, निवृत्त झाले आणि आमच्या कॉलेजात दरवर्षीच्या कराराने शिकवू लागले. लग्न फैजाबादकडच्या बाईंशी. काकू तांबडा रस्सा करायला शिकल्या होत्या, पण त्यात लखनवी रिवाजाने थोडा केवडा घालायच्या. सर डबा उघडून आम्हाला वास द्यायचे. "हे बघा. माझं चरित्र ह्यात आलं सगळं."

खरंच आलं होतं. मराठीत ते कोल्हापुरी होते, धाडकन बोलणारे. हिंदीत मात्र अस्सल लखनवी. आणि त्यातली गंमत अशी की सर जितके चिडत तितके अदबशीर होत. साध्या चुकीला 'आप'. मोठ्या चुकीला 'जनाब'. त्यांनी कुणाला 'हुज़ूर' म्हटलं की आम्ही वह्या आवरायला घ्यायचो. माझा वर्गमित्र तिवारी एकदा न जाता घरबसल्या भरलेलं सर्वेक्षण घेऊन आला. सरांनी कागद बघितले, उठून उभे राहिले, त्याला खुर्ची दिली आणि म्हणाले, "हुज़ूर ने इतनी तकलीफ़ क्यों फ़रमाई?" तिवारी त्याच दुपारी ऑटो करून सर्वेक्षणाला गेला.

ह्या तिवारीच्या आईची गोष्ट सांगायलाच हवी. सरांनी गृहपाठ दिला होता: हजरतगंजच्या बाजारपेठेत चाला, पण आपल्या नव्हे, दुखऱ्या माणसाच्या वेगाने. लखनौची पोरं तिथे नुसती भटकायला जातात, त्याला 'गंजिंग' म्हणतात. आम्हाला वाटलं, सोपं आहे. आम्ही लंगडत, थांबत, अभिनय करत चाललो, सर मागून बघत होते. तिवारीने अभिनय केला नाही. तो बाराबंकीहून आपल्या आईलाच घेऊन आला, खरोखरच्या दुखऱ्या गुडघ्यांसह. त्या माऊलीने एका ठिकाणी पदपथावर चढायला पाय उचलला, परत खाली ठेवला आणि सरांकडे बघितलं.

"मास्साब, ई पटरी एतनी ऊँच काहे बनाये हैं?"

"ग़लती हो गई, अम्माजी."

"आप बनाये हैं?"

सरांनी पदपथाकडे बघितलं. "हमारे ही जैसे किसी ने."

मग सरांनी टेप काढली, पदपथाची उंची मोजली, दहा वजा केले आणि वहीत लिहिलं. शेजारी कंसात लिहिलं, 'अम्माचा पाय चढत नाही.' पुढे आमच्या वर्गात कुठल्याही पायरीची, ओट्याची, दुभाजकाची चर्चा निघाली की सर विचारत, "अम्मा चढ़ेंगी?" ह्या एका प्रश्नाने आमचे निम्मे आराखडे कोसळले. सरकारी नियमांचं जाडजूड पुस्तक त्यांना तोंडपाठ होतं, पण त्यांनी आम्हाला शिकवलं ते ह्या बाईच्या गुडघ्याने.

आता आमच्या चुकीकडे येते.

नगर नियोजनात 'स्टुडिओ' नावाचा विषय असतो. शहराचा एक तुकडा तुमच्या वाट्याला येतो आणि सत्र संपेपर्यंत तुम्ही तो मोजायचा, रंगवायचा, त्याच्यासाठी आराखडा करायचा. घरं पिवळी, दुकानं निळी, बागा नि मैदानं हिरवी. ज्या जागेत काहीच नाही ती पांढरी, खाली लिहायचं 'रिक्त'. आम्हाला जानकीपुरमच्या पलीकडचा एक भाग मिळाला. आम्ही जीव तोडून काम केलं, उन्हात फिरलो, प्रत्येक दाराचा नंबर टिपला. मध्यभागी एक मोठं मोकळं मैदान होतं. तिथे तीनदा गेलो, तिन्ही वेळा तिथे दोन म्हशी आणि क्रिकेट होतं. आम्ही ते पांढरं सोडलं. रिक्त. सरांनी नकाशावर सही केली.

कॉलेजचा एका सरकारी कार्यालयाशी करार होता, चांगले नकाशे तिकडे जात. आमचा गेला. आम्ही मिठाई वाटली. काही महिन्यांनी वर्तमानपत्रात सूचना आली: त्या रिक्त जागेवर बहुमजली वाहनतळ प्रस्तावित आहे, नागरिकांनी आक्षेप व सूचना द्याव्यात. आधार, आमच्या कॉलेजचा नकाशा.

दोन दिवसांनी स्टुडिओच्या दारात एक बाई उभी राहिली. साठीच्या आसपासची, खांद्याला मोठी झोळी, हातात वर्तमानपत्राची घडी.

"नक्शा बनाने वाले साहब लोग यहीं बैठते हैं?"

त्या शकीला आपा. बटणं, लेस, चेन, साडीचे फॉल विकणाऱ्या. त्यांना आम्ही पाणी दिलं, नकाशा दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो पांढरा तुकडा शोधला आणि त्यावर बोट ठेवलं.

"यहाँ तो, बिटिया, बारह साल से मैं बैठती हूँ. हर बुध को. मेरे बग़ल में कुकर की सीटी वाला, उसके बग़ल में अचार वाली. पूरा बाज़ार लगता है. तुम लोग आए कब थे?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आमचे स्टुडिओचे वार सोमवार, मंगळवार आणि गुरुवार. सर्वेक्षण त्याच दिवशी. बुधवारी आम्ही दिवसभर वर्गात असायचो, खोत सरांचं व्याख्यान ऐकत. विषय: लोकसहभाग.

सर हळूच खुर्चीतून उठले. "म्हंजे," ते मराठीत म्हणाले, बहुधा नकळत, "बुधवारी लोकं तिथं होती, आणि मी तुम्हाला इथं कोंडून लोकांचं महत्त्व सांगत होतो."

मग आपांकडे वळून, दोन्ही हात जोडून हिंदीत, "ग़लती हमारी है, आपा. चाय पिएँगी?"

"चाय बाद में," आपा म्हणाल्या. "पहले बताइए, मैदान बचेगा?"

सरांनी हो म्हटलं नाही. "कोशिश होगी. नाप के."

त्या संध्याकाळी मी पेटले. घरी जाऊन एका बैठकीत पत्रक लिहिलं. त्यात मुनाफ़ाख़ोरांची गिधाडी नजर होती, गरिबाच्या पोटावर फिरणारा बुलडोझर होता, लोकांच्या रक्ताने रंगलेला नकाशा होता, आणि प्रत्येक ओळीला उद्गारचिन्ह. बाबांनी वाचून पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी सरांपुढे ठेवलं. त्यांनी लाल पेन्सिल घेतली, शांतपणे शेवटपर्यंत वाचलं.

"झकास लिहिलंयस. आता उत्तर दिशा दाखव."

"सर?"

"कुठलाही कागद असू दे, त्यावर उत्तर दिशा आणि माप पाहिजे. ह्यात मैदान केवढं, लोक किती, कुठल्या वारी बसतात, काय न्हाई. नुसती गिधाडं. बरं, एक सांग. नकाशा कुणी काढला?"

मी पत्रकाकडे बघितलं.

"ह्या पत्रकात सगळ्यांची नावं हायत. भांडवलदार हाय, नोकरशहा हाय. आपलं न्हाई."

मला राग आला. लहानपणापासून पत्रकात शत्रू नेहमी पलीकडे असायचा. शत्रूच्या जागी स्वतःला लिहायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हणाले, "सर, आपण मुद्दाम नाही केलं. त्यांनी केलंय मुद्दाम."

"दहा वजा कर," सर म्हणाले, "आणि परत लिहून आण."

तीनदा लिहिलं. तिसऱ्या वेळेला पहिली ओळ अशी झाली: 'यह नक्शा हमने बनाया था. ग़लत बनाया था. हम बुध को नहीं आए थे.' खाली मैदानाचं माप. कोपऱ्यात बाण, उत्तरेचा.

पुढच्या बुधवारी आम्ही ते बाजारात वाटलं. आपांनी पत्रक बाजूच्या अचारवालीला मोठ्याने वाचून दाखवलं, मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "यहाँ काग़ज़ तो बहुत बँटे. ग़लती वाला पहली बार बँटा है."

त्या बुधवारपासून लागोपाठ तीन बुधवार आम्ही बाजार मोजला. प्रत्येक चटई, प्रत्येक हातगाडी, प्रत्येक छत्री. सर टेपचं एक टोक स्वतः धरत आणि आकडा ओरडला की पलीकडून सगळा बाजार ओरडायचा, "दस घटाओ!" कुकरच्या शिट्टीवाल्याने तर आपली जागा दहाने कमी झाली म्हणून भांडण काढलं. सरांनी त्याला शेजारी बसवून टेपचं तोंड दाखवलं. दुकानांची संख्या आमच्या अंदाजाच्या दुप्पट निघाली. विकणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायका निघाल्या. आणि असं निघालं की आजूबाजूच्या वस्तीतल्या कामकरी बायका आठवड्याची भाजी इथूनच नेतात, कारण इथे चालत येता येतं. अम्मा चढतील असा तो बाजार होता.

मधेच संचालकांनी सरांना बोलावलं. दार अर्धवट उघडं होतं. कॉलेजची बदनामी होईल, आक्षेप घेऊ नका, वाटल्यास एक दुरुस्तीचं पत्र गुपचूप पाठवू, करार जाईल, असं संचालकांचं म्हणणं. आम्ही बाहेर उभं राहून सरांची उत्तरं ऐकत होतो. "आप बजा फ़रमाते हैं." मग "जनाब का एहसान है." मग "हुज़ूर."

"गए," तिवारी पुटपुटला.

शेवटी सरांचा आवाज आला, मधासारखा: "हुज़ूर, गुपचुप तो हमने ग़लती भी नहीं की थी. छाप के की थी."

सुनावणी एका जुन्या कार्यालयाच्या लांबट खोलीत झाली. वर पंखे, समोर सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई, दमलेल्या, सकाळपासून लोकांची गाऱ्हाणी ऐकून. आमच्या आक्षेपाचा पुकारा झाला. सर उठले, सोबत शकीला आपा.

"आपत्ति किसके विरुद्ध है?" बाईंनी कागदावरून मान न उचलता विचारलं.

"अपने विद्यार्थियों के नक्शे के विरुद्ध, हुज़ूर. और उस पर अपने दस्तख़त के विरुद्ध."

तिवारीने माझ्या कानात विचारलं, "यार, सर ग़ुस्से में हैं या सच में इज़्ज़त दे रहे हैं?" मला कळेना.

बाईंनी मान उचलली. "आपने ही बनाया, आप ही आपत्ति कर रहे हैं? मौक़े पर जाँच नहीं की थी?"

"की थी. सोम, मंगल, गुरु. बाज़ार बुध को लगता है."

"तो बुध को क्यों नहीं गए?"

सर खोटं बोलू शकले असते. पाऊस होता, आजारी होतो, काहीही. "बुध को मैं इन्हें क्लास में पढ़ा रहा था," ते म्हणाले, "कि जनता से पूछे बिना नक्शा नहीं बनाना चाहिए."

आधी मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळी खोली हसली. बाईंनी ओठ दाबून बघितलं, जमलं नाही, त्याही हसल्या, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच बहुधा त्यांनी पेन खाली ठेवलं. "दिखाइए," त्या म्हणाल्या.

सरांनी नवा नकाशा पसरला. मैदानावर सात पट्टे होते, सहा हिरवे, एक निळा.

"ये धारियाँ?"

"सात दिन हैं. छह दिन मैदान, एक दिन बाज़ार."

"ऐसा कोई रंग नियमों में नहीं है."

"जी. इसीलिए ग़लती इतनी आसान थी."

मग त्यांनी आपांना बोलायला सांगितलं. आपा म्हणाल्या, "मेमसाब, गाड़ी खड़ी करने की जगह ढूँढ़ने वाले को दूसरी जगह मिल जाएगी. हमको बुध दूसरा नहीं मिलेगा." एवढंच. बसल्या.

निर्णय त्या दिवशी झाला नाही. असे निर्णय कधीच त्या दिवशी होत नाहीत, माणसांना ताटकळत ठेवणं हीसुद्धा एक पद्धत असते. पावसाळा गेला, आमची परीक्षा झाली, आणि एका दुपारी तिवारी सुधारित नकाशाची प्रत घेऊन धावत आला. वाहनतळ तिथून हलला होता. मैदान हिरवं. पट्टे नव्हते, पण हिरव्याच्या मधोमध एक छोटा तारा होता आणि तळाशी बारीक अक्षरात: 'बुधवार को साप्ताहिक बाज़ार.'

सरांनी चष्मा कपाळावर सरकवून तो तारा जवळून बघितला. "पट्टे खाल्ले की," ते म्हणाले. "असू दे. तारा तरी दिला." आणि डब्यातला सगळा रस्सा त्या दिवशी आम्हाला वाटून टाकला, केवड्यासकट.

पुढच्या वर्षी सरांचा करार वाढवला गेला नाही. कारण कुणी दिलं नाही. पत्रकाची सवय असलेल्या माणसाला न दिलेलं कारणही वाचता येतं. मी भडकून त्यांच्या घरी गेले, पत्रकाचा मसुदा खिशातच होता. सरांनी तो वाचला, कोपऱ्यातला उत्तरेचा बाण बघून मान डोलावली आणि घडी करून परत दिला. "हे नको. मैदान ऱ्हायलं न्हवं? आणि माझा बुधवार मोकळा झाला, ते बघ की."

मला पुण्यात नोकरी लागली. निघायच्या आधीच्या बुधवारी मी बाजारात गेले, आपांकडून आईसाठी लेस घ्यायची म्हणून. लांबूनच थबकले. आपांच्या फळीवर आपा नव्हत्या. तिथे मांडी घालून खोत सर बसले होते, समोर बटणांच्या बरण्या, गळ्यात चेनच्या लडी. एक बाई लेस घेत होती आणि सर ती आपल्या टेपने मोजत होते, एकशे दहापर्यंत.

"अरे भैया!" बाई कडाडली. "फीता तो आगे से कटा है! दस से शुरू है! ऐसे ठगते हो?"

"मोहतरमा," सर उजळून म्हणाले, "पहली ख़रीदार हैं आप, जिसने मुँह देखा. अब दस घटाइए."

बाईने बोटांवर हिशेब केला. एकशे दहातून दहा. पूर्ण मीटर. तरीही तिचा संशय जाईना. तेवढ्यात मागून आपा चहाचे दोन ग्लास घेऊन आल्या आणि ओरडल्या, "चचा, बहस मत कीजिए, ऊपर से दस और दे दीजिए!"

सरांनी निमूटपणे दहा सेंटिमीटर जास्तीची लेस कापली. मग टेप डबीत गुंडाळली, चहाचा ग्लास हातात घेतला आणि भरलेल्या मैदानावरून सावकाश नजर फिरवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.